काशीची वाट आणि सोबत वडीलधारी माणसे

१/ ‘काशीस जावे, नित्य वदावे’ ही म्हण आज थट्टेने वापरली जाते. अठराव्या शतकात मात्र तिच्यामागे खरी धास्ती होती. पुण्याहून काशी म्हणजे महिनोन् महिन्यांची वाट, आणि त्या वाटेला लागणारी माणसे बहुधा उतारवयाची. म्हणून ‘निघायचे कधी’ यापेक्षा ‘म्हाताऱ्या माणसाला नेऊन सुखरूप परत कसे आणायचे’ हा प्रश्न कुटुंबाला अधिक छळत असे. या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे मराठ्यांच्या इतिहासात सापडतात.

२/ पहिले उत्तर १४ फेब्रुवारी १७३५ चे. त्या दिवशी राधाबाईंनी पुणे सोडले. त्या बाळाजी विश्वनाथांच्या पत्नी, थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री. १७२० मध्ये पती निवर्तल्यापासून घरातील वडीलकी त्यांच्याकडे होती. मथुरा, प्रयाग, काशी, गया ही क्षेत्रे पाहण्याची त्यांची इच्छा होती, आणि ती पुरी करणे हे पुत्रांचे कर्तव्य होते.

३/ मुहूर्त मात्र राजकारणाच्या दृष्टीने याहून बिकट असू शकला नसता. सात महिन्यांपूर्वीच, १७ जुलै १७३४ रोजी, राजपूत राजांनी मेवाडात हुरडा येथे जमून मराठ्यांना रोखण्याचा करार केला होता. त्या हिवाळ्यात वजीर कमरुद्दीनखान आणि खान-ए-दौरान हे प्रचंड बादशाही फौजा घेऊन मराठ्यांवर चालून आले होते. होळकर-शिंदे त्यांना राजपुतान्यात आणि माळव्यात झुंजवत होते. नेमक्या त्याच प्रदेशातून पेशव्यांच्या आईची पालखी जायची होती.

४/ वाट कोणाकोणाच्या मुलखातून होती? खानदेशात बुऱ्हाणपूर निजामाकडे. माळवा तंट्यातला. पुढे मेवाड महाराणा जगतसिंहांचा, जयपूर सवाई जयसिंहांचे. त्यापुढे बादशाही सुभे, आणि त्यात महंमदखान बंगश. याच बंगशाला १७२९ मध्ये बाजीरावांनी बुंदेलखंडात जैतपूर येथे कोंडून नामोहरम केले होते. एवढ्या साऱ्यांच्या सीमा ओलांडून वृद्ध आईला न्यायचे होते.

५/ येथे पेशव्यांनी फौजेपेक्षा पत्रव्यवहारावर भिस्त ठेवली. दिल्ली दरबारी मराठ्यांचे वकील महादेवभट हिंगणे होते. हिंगणे मूळचे नाशिकचे क्षेत्रोपाध्ये. यात्रेकरूंची सोय लावणे हा घराचा पिढीजात व्यवसाय आणि दरबारी बोलणी ही नवी जबाबदारी, असे दोन्ही गुण त्या एका घरात होते. परवाने, मुक्काम, दाना-पाणी, पुढच्या ठाण्याला आगाऊ वर्दी या साऱ्याची जुळवाजुळव अशा माणसांवाचून होण्यासारखी नव्हती.

६/ पैशाचीही रीत ठरलेली असे. लांबच्या यात्रेत रोकड बाळगणे म्हणजे चोरांना आमंत्रण. म्हणून सावकाराची हुंडी न्यायची आणि मोठ्या पेठेत पोहोचल्यावर ती वटवायची. वृद्धांसाठी पालखी किंवा मेणा, खांदा बदलण्यास भोयांच्या जोड्या, राहुट्या, धान्य आणि पुढे धावणारे जासूद. मजलही लहान ठेवावी लागे, कारण तांड्याचा वेग त्यातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या वेगाने ठरतो.

७/ तारखा या नियोजनाची साक्ष देतात. ८ मार्चला बुऱ्हाणपूर, म्हणजे पुण्याहून बावीस दिवस. ६ मे रोजी उदयपूर, म्हणजे पुढच्या टप्प्याला जवळजवळ दोन महिने. याच अवधीत, मार्चच्या अखेरीस, कोट्याजवळ खान-ए-दौरानने माळव्याच्या चौथाईपोटी २२ लाख रुपये देण्याचे कबूल करून लढाई आवरती घेतली होती. पुढे नाथद्वारा करून २१ जूनच्या सुमारास जयपूर.

८/ जयपुरास यात्रा सुमारे तीन महिने थांबली. पावसाळ्यात नद्या उतरत नाहीत, चिखलात भोयांचे पाय रुततात आणि ओलीत म्हातारी माणसे आजारी पडतात. मोठा मुक्काम वर्षाकाळात, तोही समर्थ यजमानाच्या राजधानीत पडला. सप्टेंबरात पालख्या पुन्हा हलल्या. मथुरा, वृंदावन, कुरुक्षेत्र, प्रयाग करून १७ ऑक्टोबर १७३५ रोजी काशी, आणि त्यानंतर गया.

९/ हुरड्याला मराठ्यांविरुद्ध शपथ घेणाऱ्यांनीच राधाबाईंचा सत्कार केला. जैतपूरचा अपमान सोसलेल्या बंगशानेही त्यांना अडवले नाही. उलट आदराने वागवले. शत्रूची आई यात्रेला निघाली की ती सर्वांचीच आई, असा त्या काळचा संकेत होता. अर्थात पत्रांना वजन होते ते बाजीरावांच्या तलवारीचे, हे विसरून चालणार नाही. पण ती तलवार वाटेत कोणाला दाखवावी लागली नाही.

१०/ सुमारे पंधरा महिन्यांनी, १७३६ च्या पावसाळ्यापूर्वी, राधाबाई पुण्यास परतल्या. तोवर त्यांच्या वाटेने दुसरेही काम झाले होते. १७३६ च्या आरंभी बाजीराव स्वतः मेवाडात गेले आणि मार्चमध्ये किशनगडजवळ सवाई जयसिंहांना भेटले. त्याच वर्षी बादशहापुढे ठेवलेल्या मागण्यांत मथुरा, प्रयाग, काशी आणि गया ही क्षेत्रेही होती. आईने पायाखाली घातलेला मुलूख मुलाच्या मागण्यांत उतरला.

११/ दुसरे उत्तर पंचवीस वर्षांनंतरचे. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले, तेव्हा एवढी मोठी फौज जात आहे तर तिच्या आडोशाने तीर्थे घडतील, या आशेने असंख्य यात्रेकरू आणि कुटुंबकबिले तिच्यामागे निघाले. तोफखान्याहून सुरक्षित सोबत कोणती, हा हिशेब वरवर बिनतोड होता.

१२/ तो चुकला, कारण फौजेची वाट फौजेच्या गरजेने ठरते. बायकामुले आणि जड सामान मागे सुरक्षित ठिकाणी ठेवा, असे मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांनी सुचवले होते. ते झाले नाही. १७ ऑक्टोबर १७६० रोजी कुंजपुरा घेतल्यावर सैन्य कुरुक्षेत्राच्या रोखाने निघाले. इकडे अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि परतीची वाट बंद झाली. पुढे पानिपतच्या वेढ्यात लढणाऱ्यांच्या तोंडचा घास न लढणाऱ्यांत वाटावा लागला.

१३/ या तांड्यात अठरा वर्षांचे नाना फडणवीस आई आणि पत्नीसह होते. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी धुमाळीत सारेच विखुरले. नाना अंगावरची वस्त्रे टाकून, ओळख लपवत वाचले. पत्नीही वाचली. आई मात्र पुन्हा भेटली नाही. पुढे मराठी राज्याचा कारभार हाकणाऱ्या या माणसाने तो प्रसंग आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे.

१४/ तिसरे उत्तर गरिबाघरचे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेस निघाले. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळण्याची आशा होती. सोबत वडीलधारे म्हणून काका. त्यांच्यामागे ना परवाना होता ना फौज. महूजवळ त्यांना बंडाची कुणकुण लागली; पुढे झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. मिळवलेले वाटेत लुटले गेले.

१५/ तरीही त्यांनी एक वस्तू घरी आणलीच: गंगाजलाची कावड. ज्या आईवडिलांना एवढ्या वाटेवर नेणे शक्य नव्हते, त्यांना मुलाने घरीच गंगास्नान घातले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. सत्तावन्नच्या धामधुमीचे साक्षीदार म्हणून ते वाचले जाते. पण त्या प्रवासाची सांगता कावडीने झाली आहे.

१६/ ज्यांच्या घरी कावड आणणाराही कोणी नव्हता, त्यांनी काय करावे? खानदेशाने याचे उत्तर आपल्याच नद्यांत शोधले. शहाद्याजवळच्या लोणखेड्यापासून बैलगाडीने एका दिवसात जाऊन येण्याइतक्या अंतरावर, तापी आणि गोमाई यांच्या संगमाशी, प्रकाशे आहे. लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. गुरू सिंह राशीत आला की दर बारा वर्षांनी तेथे मोठी यात्रा भरते.

१७/ काशी करून आलेल्यानेही प्रकाशास येऊन उत्तरपूजा करावी, त्यावाचून यात्रा पुरी होत नाही, अशी या भागातील श्रद्धा आहे. तिचा मानवी अर्थ मोठा हृद्य आहे. जो काशीला गेला तो, आणि ज्याचे गुडघे त्याला तापीपुढे नेऊ शकले नाहीत तो, असे दोघे शेवटी एकाच घाटावर उभे राहतात.

१८/ राधाबाईंसाठी वाट आधी पत्रांनी मोकळी करून घेतली गेली, म्हणून त्या परतल्या. पानिपतच्या यात्रेकरूंनी आपली वाट फौजेच्या हाती दिली, आणि त्यांतील कित्येक परतले नाहीत. वरसईच्या मुलाने आईवडिलांना घरी ठेवून तीर्थच त्यांच्याकडे आणले. वडीलधाऱ्यांना घेऊन निघताना अखेर एकच विचारायचे असते: वाट कोणाच्या पायांनी मोजली आहे, त्यांच्या की दुसऱ्याच कोणाच्या?