संपृक्त ट्रान्झिस्टर परिपथातील धारा व विद्युतदाब

संधि-ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर या दोन्ही संधींवर धारा वाहू देणाऱ्या दिशेने विद्युतदाब असतो, तेव्हा त्या स्थितीस संपृक्त अवस्था म्हणतात. या अवस्थेत ट्रान्झिस्टर बंद केलेल्या बटणासारखा वागतो. कलेक्टर व एमिटर यांच्यामध्ये साधारणतः ०.२ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाब उरतो.

क्रियाशील अवस्थेत कलेक्टरधारा ही बेसधारेच्या बीटा पट असते. संपृक्त अवस्थेत हे सूत्र लागू पडत नाही. तेथे कलेक्टरधारा पुरवठ्याचा दाब आणि भाराचा रोध ठरवतात. पाठ्यपुस्तकांत बीटाचे सूत्र आधी येत असल्यामुळे विद्यार्थी ते सर्वत्र वापरतात, आणि तेथेच चूक होते.

उदाहरण

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांत भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी उसाची शेती आहे. कृषिपंपांचा वीजपुरवठा पाळीपाळीने, पुष्कळदा रात्री मिळतो. वीज येताच पंप आपोआप सुरू करणाऱ्या पेटीत रिले चालवण्यासाठी असा परिपथ वापरता येतो. समजा, रिलेचे वेटोळे १२ व्होल्ट व ४०० ओहमचे, ट्रान्झिस्टर बीसी ५४७, बेसचा रोध १.२ किलोओहम आणि नियंत्रक दाब ५ व्होल्ट आहे.

बेसधारा: (५ − ०.७) ÷ १२०० = ३.५८ मिलिअँपिअर.
कलेक्टरधारा: (१२ − ०.२) ÷ ४०० = २९.५ मिलिअँपिअर.
एमिटरधारा: दोहोंची बेरीज, सुमारे ३३.१ मिलिअँपिअर.

बीटा २०० धरून जुनेच सूत्र वापरले, तर कलेक्टरधारा ७१६ मिलिअँपिअर आणि वेटोळ्यावरील दाब २८६ व्होल्ट येतो. पुरवठा १२ व्होल्टचा असताना हे अशक्य आहे. असे उत्तर येणे हीच ट्रान्झिस्टर संपृक्त असल्याची खूण होय.

पडताळणी

आधी अवस्था संपृक्त गृहीत धरून धारा काढावी. मग बेसधारा गुणिले किमान बीटा हा गुणाकार कलेक्टरधारेहून मोठा आहे का, ते पाहावे. वरील उदाहरणात बीटा ११० धरला तरी तो ३९४ मिलिअँपिअर येतो, म्हणून गृहीतक योग्य ठरते.

बेसला ४७ किलोओहमचा रोध जोडला, तर बेसधारा ०.०९१ मिलिअँपिअरच राहते. बीसी ५४७ चा बीटा गटानुसार ११० ते ८०० असतो. बीटा ४५० असलेल्या नगाने रिले नीट खेचली जाईल. ११० असलेल्या नगाने वेटोळ्यावर जेमतेम ४ व्होल्ट पडतील आणि पंप सुरू होणार नाही. क्रमांक तोच असूनही ट्रान्झिस्टर बदलताच पेटी बिघडते, ती यामुळे. थंडीत बीटा घटत असल्याने काठावरचा परिपथ पौष महिन्याच्या रात्रीच दगा देऊ शकतो. म्हणून बेसधारा कलेक्टरधारेच्या सुमारे दहाव्या भागाइतकी ठेवण्याचा प्रघात आहे.

रिले खेचलेली असताना कलेक्टर-एमिटर दाब मोजावा. तो दोन-तीन व्होल्ट भरला, तर ट्रान्झिस्टर संपृक्त झालेला नसून विनाकारण तापत आहे. वेटोळ्याला उलट दिशेने डायोड जोडणे मात्र प्रत्येक वेळी आवश्यक असते. रिले सुटताना निर्माण होणारा उच्च दाब या गणितात दिसत नाही.