पुसलं म्हणजे नेमकं काय?

मागच्या शनिवारी ऑफिसातली स्टोअररूम रिकामी करायची टूम निघाली. आमची कंपनी म्हणजे एकूण चौदा टाळकी. लोकांचे सर्व्हर सांभाळायचे, बॅकअप घ्यायचे, हा धंदा. माळ्यावरून अकरा लॅपटॉप निघाले, आणि बुटांच्या खोक्यात सुट्या हार्ड डिस्क. साहेब म्हणाले, "फॉरमॅट मारा आणि भंगारवाल्याला देऊन टाका, पार्टीचे पैसे सुटतील." डिस्कवरच्या चिकटपट्ट्या वाचल्या तर एकीवर दवाखान्याचं नाव, दोनांवर सीएंची. मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा. रविवार मग याच विषयाचा इतिहास वाचण्यात गेला.

ही चूक आपण काही पहिल्यांदा करत नाही. १९९० मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथल्या सरकारी वकिलाच्या कार्यालयाने जुने संगणक विकून टाकले. किंमत ४५ डॉलर! त्यात सीलबंद खटल्यांचे कागद आणि गुप्त खबऱ्यांची माहिती तशीच होती. नंतर सरकारला ते परत मिळवायला कोर्टात धाव घ्यावी लागली.

घोळ साधा आहे. फाइल डिलीट केली की पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतली एक ओळ खोडली जाते, पान जागेवरच राहतं. क्विक फॉरमॅट म्हणजे नवी कोरी अनुक्रमणिका. एक्सपीच्या काळापर्यंत तर विंडोजचा 'पूर्ण' फॉरमॅटसुद्धा डेटा पुसत नव्हता, फक्त सेक्टर धड आहेत का ते तपासायचा. शून्यं लिहायला सुरुवात व्हिस्टापासून झाली. हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नाही, असो.

मग ठरलं की वरून दुसरं काहीतरी लिहायचं. पण किती वेळा? १९९६ साली पीटर गुटमन यांनी युझेनिक्सच्या परिषदेत एक निबंध मांडला. त्यांचं म्हणणं असं: शून्यावर एक लिहिला आणि एकावर एक लिहिला, तर चुंबकीय खूण अगदी सारखी उमटत नाही, पाटी ओल्या फडक्याने पुसली तरी आधीच्या अक्षराचा पुसट माग दिसतो तशी. म्हणून त्यांनी ३५ वेळा लिहायचा क्रम दिला. झालं! लोकांनी ३५ हा आकडा मंत्रासारखा पाठ केला. खरं तर तो क्रम त्या काळातल्या निरनिराळ्या एन्कोडिंगसाठी एकत्र बांधलेला होता, कुठल्याही एका डिस्कला सगळ्याच्या सगळ्या ३५ फेऱ्या लागतच नव्हत्या. गुटमन यांनी स्वतःच पुढे पुरवणी जोडून लोकांच्या या भाबडेपणाची टर उडवली. आणि तरीही आजच्या सॉफ्टवेअरच्या मेनूत 'गुटमन' हा पर्याय असतोच. मीही एकदा रात्रभर तो चालवून धन्य झालोय :-)

गंमत म्हणजे तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाची चर्चा करत होते आणि जग साधा डिलीटही धड करत नव्हतं. एमआयटीतल्या सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलाट यांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या. २००३ साली त्यांचा लेख छापून आला. चालू निघाल्या १२९, त्यातल्या नीट पुसलेल्या फक्त १२. पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड नंबर सापडले, आणि एक डिस्क चक्क एटीएममधून आलेली दिसत होती. मला या सगळ्या इतिहासातला हाच प्रयोग सगळ्यात मोलाचा वाटतो. प्रयोगशाळा नको, काही नको, फक्त जुन्या बाजारात जाऊन खरेदी.

२००६ मध्ये अमेरिकेच्या 'निस्ट'ने ८००-८८ ही मार्गदर्शिका काढली. फिरत्या डिस्कवर एकदा नीट लिहिलं तरी बहुतेक वेळा पुरतं, हे तिच्यामुळे अधिकृत झालं. तोवर एसएसडी आली आणि गणित पुन्हा बिघडलं. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून ती नवा डेटा भलत्याच जागी लिहिते, जुनी प्रत मागे राहू शकते. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. काही ड्राइव्हची तर आतली 'इरेज' आज्ञाच सदोष निघाली. म्हणून पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन ठेवायचं आणि शेवटी किल्ली नष्ट करायची, हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग.

मोठ्यांनाही हे जमतंच असं नाही. मॉर्गन स्टॅन्लीने जुनी यंत्रं हलवायला सामान वाहणारी कंपनी नेमली, डेटा पुसण्याचा अनुभव शून्य. डिस्क इंटरनेटवरच्या लिलावात पोचल्या. २०२२ मध्ये ३.५ कोटी डॉलर दंड.

आपल्याकडचे ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण 'मोठा ग्राहक' म्हणजे किमान १००० उपकरणं वापरणारा. आमची चौदा टाळकी त्यात कुठून बसणार? त्यामुळे पाहणारं कुणी नाही, आणि दवाखान्याचे पेशंट मात्र खरे आहेत.

सोमवारी साहेबांना १५८ पैकी १२ वाली गोष्ट सांगितली. कुरकुरले, पण ऐकलं. फिरत्या डिस्कवर एकेक फेरी मारली, थोडे सेक्टर वाचून खात्री केली, वहीत सीरियल नंबर लिहिले आणि माल नोंदणीकृत रिसायकलरला दिला. सीएंची एक डिस्क मात्र फिरतच नाही, म्हणजे पुसताही येत नाही. ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि खालच्या सुताराकडे ड्रिल मागितलंय.