ऑल्ट टेक्स्ट म्हणजे काय? फोटोचं वर्णन कसं लिहायचं?

वेबसाइटवर फोटो अपलोड करताना ‘ऑल्ट टेक्स्ट’ नावाचा एक रकाना दिसतो. घाईत तो बऱ्याचदा रिकामाच राहतो. पण ज्यांना फोटो दिसत नाही, त्यांच्यासाठी तिथे लिहिलेलं वाक्य हाच तो फोटो.

दृष्टिहीन व्यक्ती फोन किंवा कॉम्प्युटर स्क्रीन रीडरच्या मदतीने वापरतात. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, विंडोजवर मोफत मिळणारं एनव्हीडीए. हे सॉफ्टवेअर पानावरचा मजकूर मोठ्याने वाचतं आणि फोटो आला की त्याचं ऑल्ट टेक्स्ट वाचतं. ते नसेल तर काही वेळा चक्क फाइलचं नाव ऐकू येतं: ‘आयएमजी २०३४’.

मग लिहायचं काय? फोटो त्या पानावर कशासाठी आहे, ते. दिवे घाटातल्या पालखीचा एकच फोटो घ्या. वारीच्या मार्गावरच्या लेखात ‘दिवे घाटाची वळणं चढणारे वारकरी’ पुरेसं आहे. पावसाच्या बातमीत तोच फोटो ‘दिवे घाटात भर पावसात प्लास्टिकचे कागद पांघरून चालणारे वारकरी’ असा होतो. ‘वारी फोटो’ लिहून कुणालाच काही कळत नाही. निव्वळ सजावटीची नक्षी असेल, तर ऑल्ट मुद्दाम कोरं ठेवतात. स्क्रीन रीडर ती ओलांडून पुढे जातो.

खरी पंचाईत होते ती सूचनांची. परीक्षेचं वेळापत्रक किंवा पाणी बंद असल्याची नोटीस अनेकदा फोटो म्हणूनच टाकली जाते. तिथे ‘वेळापत्रक’ एवढंच ऑल्ट देणं म्हणजे बंद पाकीट हातात देणं. तारखा आणि वेळा पानावर मजकूर म्हणूनच द्यायला हव्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्येही इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम्य असावा, यासाठी सरकारने पावलं उचलावीत असं म्हटलं आहे.

आता गूगल. फोटोत काय आहे हे समजून घेताना गूगल ऑल्ट टेक्स्टही बघतं, त्यामुळे नेमकं वर्णन इमेज सर्चमध्ये उपयोगी पडतं. म्हणून ‘पैठणी, येवला पैठणी, पैठणी किंमत, स्वस्त पैठणी’ अशी माळ लावू नका. गूगल त्याला स्पॅम समजू शकतं, आणि ऐकणाऱ्याला तर ते छळच वाटतं. ‘मोराच्या पदराची जांभळी पैठणी’ लिहा, झालं.

आणि हो, मराठी पानावरच्या फोटोचं ऑल्ट मराठीतच हवं. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली आहे ना, तेही एकदा तपासा, म्हणजे स्क्रीन रीडरला योग्य आवाज निवडता येतो.