मातीचा किल्ला आणि मांडलेली लढाई

छत्तीसगडमधील भिलईला लागून असलेल्या दुर्ग शहरात मातीच्या कोटाचे व त्याभोवतीच्या खंदकाचे अवशेष असल्याची नोंद ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये, म्हणजे प्रदेशवार माहितीच्या सरकारी ग्रंथात, आढळते. १७४१ मध्ये मराठ्यांनी हा कोट असलेल्या उंचवट्यावर छावणी घालून तेथून छत्तीसगडचा मुलूख ताब्यात आणला, असेही त्यात म्हटले आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर त्या स्वारीत रतनपूरवर चालून गेला आणि तेथील वृद्ध हैहयवंशी राजा रघुनाथसिंह याने तोफा सुरू होताच फारसा प्रतिकार न करता शरणागती पत्करली. मराठी सत्तेच्या पूर्वेकडील विस्ताराचा हा महत्त्वाचा टप्पा. परंतु मराठी मुले दिवाळीत जो इतिहास मातीत उभा करतात, त्यात त्याला सहसा जागा मिळत नाही.

दिवाळीचा किल्ला ही ऐतिहासिक प्रतिकृती घडविण्याची मराठी समाजातील सर्वांत व्यापक प्रथा होय. दगडविटांचा ढीग रचून त्यावर चिखलात बुडविलेले गोणपाट पसरले जाते, लाल मातीने तटबंदी, बुरूज, माची (डोंगराच्या सोंडेवरील तटबंद सपाटी) आणि बालेकिल्ला (सर्वांत उंचावरील अंतर्भाग) घडविले जातात, आणि उतारावर मोहरी किंवा अळीव पेरून दोन-चार दिवसांत हिरवळ आणली जाते. त्यावर कुंभाराकडील रंगीत मातीच्या मूर्ती मांडल्या जातात. पुण्याकडे त्यांना ‘चित्रे’ म्हणतात. सिंहासनावरील शिवाजी महाराज, मावळे, भालदार, तोफा यांच्याबरोबरच गवळण, शेतकरी आणि गुहेतला वाघही तेथे असतो. पुणे, कोल्हापूर, बेळगाव येथे किल्ल्यांच्या स्पर्धा होतात आणि रायगड, प्रतापगड यांच्या हुबेहूब प्रतिकृती करण्यासाठी मुले गडाचे नकाशे अभ्यासतात.

युरोपात लघुयुद्धखेळाची, म्हणजे छोट्या मूर्ती मांडून नियमांनुसार लढाई खेळण्याची, वाट वेगळी होती. प्रशियातील राइस्विट्झ या अधिकाऱ्याने १८१२ मध्ये राजा फ्रीडरिक विल्हेल्म तिसरा याला भूप्रदेशाचे सुटे ठोकळे असलेले मेज सादर केले आणि त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार सैन्याची हालचाल मोजून होई, हानी फाशांवर ठरे आणि निर्णय पंच देई. एच. जी. वेल्स याने १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात तोच प्रकार स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफांनिशी दिवाणखान्यात आणला. आज ब्रिटनमधील छंदमेळाव्यांत मांडले जाणारे खेळ याच परंपरेतले असून, तेथे भूप्रदेश कितीही देखणा असला तरी तो अखेर नियमांसाठी असतो. मराठी किल्ल्यात भूप्रदेश आहे, सैन्य आहे, पण चाल नाही. तेथे लढाई खेळली जात नाही, तर राज्य मांडून दाखविले जाते, आणि म्हणूनच गवळणीलाही त्यात मावळ्याइतकाच हक्क आहे.

प्रमाणाच्या बाबतीत मात्र दोन्ही परंपरा सारख्याच सोयीस्कर आहेत. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजांची मूर्ती अनेकदा महादरवाज्याहून उंच असते आणि याला कोणी दोष देत नाही, कारण जुन्या चित्रांप्रमाणे येथे आकार मानावरून ठरतो. युद्धखेळातही मूर्तीचे प्रमाण व जमिनीचे प्रमाण निराळे असते: सहा मिलिमीटर उंचीची मूर्ती साधारण १:३०० या प्रमाणात माणूस दाखविते, म्हणजे शंभर मीटरचा तट जेमतेम ३३ सेंटिमीटर व्हायला हवा, पण जमीन त्याहूनही आक्रसून घेतली जाते आणि एकेक मूर्ती वीस किंवा पन्नास सैनिकांच्या जागी उभी राहते.

किल्ला म्हटले की डोंगरी किल्लाच डोळ्यांपुढे यावा, हे शिवकालाच्या स्मृतीचे सामर्थ्य आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील डोंगरांवर व किनाऱ्यावर आहेत आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी आहे. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने देशभरातून भिलईत आलेल्यांत मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या सर्वांत जवळचा मराठी तळ, म्हणजे दुर्गचा कोट, मात्र ना डोंगरी होता ना दगडी. खरे तर प्रतिकृतीला तोच सोपा, कारण मातीचा कोट मातीनेच करायचा असतो. शिवनाथ नदीचे पात्र, धानाची खाचरे, तलाव, मधला उंचवटा व खंदक एवढ्यावर देखावा पुरा होतो. अडचण आहे ती युद्धखेळाच्या नियमांची. रतनपूरची स्वारी मोठ्या लढाईने निकालात निघालीच नाही, म्हणून तिचा खेळ रचणाऱ्याला फाशांपेक्षा दाणावैरण, घोड्यांची दमछाक, पुढे बंगालच्या स्वारीवर जाण्याची घाई आणि खंडणीची रक्कम यांचाच हिशेब अधिक मांडावा लागेल, आणि रघुनाथसिंहाच्या बाजूने खेळणाऱ्याला शरण केव्हा जायचे एवढाच निर्णय उरेल.