कारीच्या जेध्यांच्या घरची वही

आमच्या टीममध्ये सध्या तीन जण नवे बाबा आहेत. एक जण पोराचं दूध, झोप आणि लसी एक्सेलमध्ये नोंदवतो. दुसरा रोज रात्री मुलीसाठी चार ओळी लिहितो, ती अठरा वर्षांची झाली की तिला देणार म्हणे. सिनिअर मंडळी यांना हसतात... "आमच्या बापाने नाही असलं काही लिहिलं!"

तुमच्या बापाने नसेल लिहिलं, पण भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात सतराव्या शतकातलं घरचं लिखाण जपलेलं होतं. तेही दोन फॉरमॅटमध्ये.

एक म्हणजे शकावली. ही सरळ सरळ लॉग फाइल. शक, महिना, तिथी, वार आणि पुढे एका ओळीत घटना. विशेषणं नाहीत, भावना नाहीत. १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या नोंदी यात आहेत. दुसरा करीना, म्हणजे घराण्याची सविस्तर हकीकत. त्यात माणसं बोलतात, भांडतात, शपथा घेतात. पण करीना बहुधा वतनाचा हक्क सांगायला लिहिला जाई, त्यामुळे त्यात आपलं घराणं उजळ दिसणारच. माझा नियम सोपा आहे: तारखेला शकावली, माणसांसाठी करीना. आणि करीना वाचताना चिमूटभर मीठ जवळ ठेवावं :-)

करीन्यातली कथा कान्होजी जेध्यांच्या जन्मापासूनच भयंकर आहे. वतनाच्या हव्यासाने त्यांच्या वडिलांचा, नाईकजींचा, सख्ख्या भावांनीच खून केला. तान्ह्या कान्होजींचाही जीव जाणार होता. देवजी महाला नावाच्या इमानी माणसाने ते पोर लपवून वाचवलं. पुढे मोसे खोऱ्यातल्या पासलकरांचा आधार मिळाला आणि बाजी पासलकर त्यांचे सासरे झाले. (मोसे खोरं म्हणजे वेल्ह्याकडचा भाग. वरसगाव धरणाच्या जलाशयाला बाजी पासलकरांचंच नाव आहे. आपण तिथे कणीस खायला जातो तेव्हा पाटी कोण वाचतो म्हणा!) तर, बाप न पाहिलेला हा मुलगा पुढे रोहिड खोऱ्याचा देशमुख झाला आणि पाच मुलांचा बाप झाला.

मधे आणखी एक बाप येतो, शहाजीराजे. स्वतः कर्नाटकात आणि मुलगा पुणे-मावळात. १६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली, १६४९ मध्ये सुटका झाली. करीना सांगतो की कान्होजीही त्यांच्याबरोबर कैदेत होते. सुटल्यावर राजांनी त्यांना मावळात पाठवलं: माझा मुलगा तिकडे आहे, त्याच्या पाठीशी उभे राहा, आणि तशी शपथही घेतली. शिवाजी महाराज तेव्हा जेमतेम १९ वर्षांचे. ज्याचे आईवडील गावी आणि स्वतः पुण्यात नोकरीला, त्याला हे लगेच कळेल. बाप फोन करून ओळखीच्या काकांना म्हणतोच ना, "जरा लक्ष असू द्या." इथे फरक इतकाच की काकांचं वतन आणि मुंडकं दोन्ही पणाला लागलं.

कारण १६५९ उजाडलं. अफजलखान निघाला आणि मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्मानं आली की खानाला सामील व्हा, नाहीतर परिणाम भोगा. शेजारचे उत्रवळीचे केदारजी खोपडे गेलेसुद्धा. कान्होजी आपल्या पाचही मुलांना घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी स्पष्ट सांगितलं की इथे राहिलात तर वतन जाईल, जिवावरही बेतेल. कान्होजींनी शहाजीराजांना दिलेल्या शब्दाची आठवण दिली आणि वतनावर पाणी सोडलं. मग महाराजांनी जेध्यांची बायकामुलं तळेगाव ढमढेऱ्याला हलवायला सांगितली.

या प्रसंगावर पोवाड्याच्या सुरात खूप बोललं गेलंय, ते असो. मला अडतं ते वेगळ्याच जागी. ज्या वतनापायी बापाचा जीव गेला, तेच वतन या माणसाने एका शब्दाखातर सोडलं, आणि ते सोडताना पाच मुलांचं भविष्यही त्याच पाण्याबरोबर सोडलं. त्या पाचांना कुणी विचारलं का? करीन्यात बाप बोलतो, मुलं शेजारी उभी असतात. थोरले बाजी तर आधीच लढाईत नाव काढून सर्जेराव झालेले, म्हणजे काही लहान नव्हते. पण त्यांचं मत मला त्यात सापडत नाही.

आणि याच पावसाळ्यात, ५ सप्टेंबर १६५९ ला, राजगडावर सईबाई वारल्या. संभाजीराजे दोन वर्षांचे. त्यांच्या जन्माची तिथी आणि वार जेधे शकावलीत आहे. दुसऱ्याच्या घरचं बाळ, पण नोंद चोख! त्यांना दूध पाजणारी धाराऊ गाडेही याच मुलखातली, कापूरहोळची. १० नोव्हेंबरला प्रतापगड झाला. म्हणजे खानाच्या भेटीला जाणारा माणूस दोन महिन्यांपूर्वी पत्नी गमावलेला, आईविना पोराचा बाप होता. हे शाळेच्या धड्यात कधी जोडून वाचल्याचं मला आठवत नाही.

जेध्यांच्या वंशजांनी हे कागद सांभाळले. शकावली लोकमान्य टिळकांकडे आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. तोवर महाराजांचा जन्म १६२७ चा समजला जाई. शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी मिळाली. वाद तरी अनेक दशकं चालला, आणि राज्य सरकारने ही तारीख २००१ मध्ये स्वीकारली. आज आपल्याला १९ फेब्रुवारीची सुट्टी मिळते ती, थोडक्यात, एका देशमुखाच्या घरच्या वहीमुळे.

कान्होजींची समाधी भोरजवळ आंबवड्यात आहे. तळेगावला हलवलेल्या बायकामुलांनी ते महिने कसे काढले, यावर मात्र वहीत ओळ नाही.