प्रश्नच चुकला तर बक्षीस कोणाचे?

लोधिवलीहून चौकमार्गे कर्जतच्या दिशेने निघाले की वाटेत एन. डी. स्टुडिओ लागतो. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी तो २००५ साली उभारला. त्याआधी, २००० साली सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’च्या मंचाची रचनाही त्यांनी केली होती. स्टुडिओतला राजवाडा लाकडाचा आणि प्लॅस्टरचा असला तरी कोणी तक्रार करीत नाही. बक्षिसाच्या कार्यक्रमात मात्र मंच खोटा चालतो, पण प्रश्न आणि पैसे खरेच असावे लागतात. ते खरे नाहीत असा संशय आला, तेव्हा काय घडले? हा इतिहास आम्हा विज्ञानाच्या अभ्यासकांना महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात चाचणी, योगायोग आणि हिशेब हे तिन्ही विषय येतात.

सुरुवात दूरदर्शनच्याही आधी, शब्दकोड्यांपासून करू. स्वातंत्र्यानंतरच्या काळात बंगळुरूहून चालणाऱ्या आर. एम. डी. सी. शब्दकोडे स्पर्धेत मुंबई राज्यातील अनेक वाचक प्रवेश फी भरून भाग घेत. मुंबई सरकारने अशा स्पर्धांवर कर आणि निर्बंध लादले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५७ साली निकाल लागला. कोड्याचे उत्तर आधीच ठरवून लखोट्यात बंद केलेले असे. एकाच जागी दोन शब्द सारखेच चपखल बसत असले, तरी बक्षीस मिळे ते लखोट्यातल्या शब्दालाच. मग यात ज्ञान कुठे राहिले? न्यायालयाने ही स्पर्धा जुगार ठरवली. ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे, हा भेदही त्याच सुमारास स्पष्ट झाला. थोडक्यात, प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे असली की ज्ञानाची परीक्षा संपते आणि नशिबाची सुरू होते.

त्याच सुमारास अमेरिकेत उलटा प्रकार चालू होता. ‘ट्वेंटी-वन’ या लोकप्रिय कार्यक्रमात निर्माते आवडत्या स्पर्धकाला उत्तरे आधीच पुरवीत आणि नावडत्याला ठरवून हरायला सांगत. १९५९ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे हे उघड झाले आणि १९६० साली अशा बनवाबनवीविरुद्ध कायदा झाला.

चूक नेहमी लबाडीतूनच होते असे नाही. ‘प्रेस युअर लक’ या अमेरिकी कार्यक्रमात १८ चौकोनांच्या फलकावर दिवा उड्या मारत फिरे आणि स्पर्धक बटण दाबून त्याला थांबवी. दिवा कसाही फिरतो असे सर्वांना वाटे. मायकेल लार्सन याने घरी कार्यक्रमाचे चित्रमुद्रण पुन्हा पुन्हा पाहिले आणि दिवा फक्त पाच ठरावीक क्रमांनी फिरतो हे ओळखले. १९८४ साली तो कार्यक्रमात गेला आणि १,१०,२३७ डॉलरची रोकड व बक्षिसे जिंकला. वाहिनीचे अधिकारी चक्रावले. पण त्याने एकही नियम मोडला नव्हता, त्यामुळे त्याला बक्षीस द्यावेच लागले. त्यानंतर त्यांनी क्रमांची संख्या वाढवली. आमच्या मते हा दोष हाताळण्याचा सरळ मार्ग झाला. यंत्र आपले, तेव्हा त्यातल्या दोषाची किंमतही आपणच मोजायची.

प्रश्नच सदोष निघाला तर? ब्रिटनमधील मूळ ‘मिलियनेअर’ कार्यक्रमात २००६ साली एका जोडप्याचे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चूक ठरवले गेले. तो प्रश्न संदिग्ध होता हे नंतर निर्मात्यांनी मान्य केले, जोडप्याला पूर्वीच्या ५ लाख पौंडांवर परत आणले आणि नवा प्रश्न दिला. प्रयोगात उपकरण बिघडले तर आपण ते वाचन रद्द करून पुन्हा घेतो. हे तसेच झाले.

‘करोडपती’बाबत २०२१ साली असा वाद झाला. संसदेच्या बैठकीची सुरुवात साधारणपणे कशाने होते, या प्रश्नाचे उत्तर ‘प्रश्नोत्तराचा तास’ असे दिले गेले. एका प्रेक्षकाने हरकत घेतली. निर्माते सिद्धार्थ बासू यांनी सदस्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकांचा हवाला देऊन उत्तर बरोबर असल्याचे सांगितले. परंतु राज्यसभेत २०१४ च्या अखेरीपासून हा तास दुपारी १२ ला ठेवला गेला होता. प्रश्नात सभागृहाचे नाव घातले असते, तर वादच उरला नसता.

आता पैशांकडे वळू. २००७ साली याच कार्यक्रमात ‘हर सीट हॉट सीट’ ही प्रेक्षकांची स्पर्धा होती. उत्तर मोबाइलवरून लघुसंदेशाने पाठवायचे, आणि बरोबर उत्तरांतून सोडतीने दर भागाला एकाला २ लाख रुपये मिळत. एका संदेशाला २ रुपये ४० पैसे पडत. संदेश आले सुमारे ५ कोटी ८० लाख. मुलांना गुणाकार करू द्या. जमा होतात १३ कोटी ९२ लाख रुपये, आणि ५२ भागांची बक्षिसे होतात १ कोटी ४ लाख. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आणि वाहिनी व मोबाइल कंपनीला १ कोटी रुपयांचा दंड केला. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. बक्षिसाची रक्कम संदेशांच्या पैशांतूनच दिली गेली, असे दाखवणारा पुरावा नव्हता. गुणाकार बरोबर होता. पण एक संख्या दुसरीपेक्षा मोठी आहे, एवढ्यावरून एकीचा पैसा दुसरीत गेला हे सिद्ध होत नाही. वर्गात सांगायला कार्यकारणाचा याहून चांगला धडा आम्हाला सुचत नाही.

शाळेतल्या प्रश्नमंजूषेलाही हेच लागू पडते. प्रश्न आधी दोघांनी स्वतंत्रपणे सोडवावा, आणि उत्तरे वेगळी आली तर तो वगळावा. चिठ्ठ्या सर्वांसमोर काढाव्यात. बक्षिसाचा खर्च कोठून आला ते फळ्यावर लिहावे. आणि प्रश्न चुकीचा निघाला तर काय करायचे, हे स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच मुलांना सांगावे. निकाल लागल्यावर केलेला नियम हरलेल्या मुलाला कधीच पटत नाही.