राष्ट्रपती भवन पाहण्याजोगे आहे का?

१/ दिल्लीला निघालेले मित्र हमखास विचारतात : लाल किल्ला, हुमायूनची कबर, कुतुबमिनार असताना राष्ट्रपती भवनासाठी अर्धा दिवस का घालवावा? आधी ऑनलाइन नोंदणी, मग ओळखपत्र, मग तपासणी. आणि ३४० खोल्यांपैकी मोजकीच दालने दिसणार. शंका रास्त आहे.

२/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर. ही वास्तू जनतेला दिपवण्यासाठीच उभारली गेली. १९११ च्या दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलवण्याची घोषणा केली. रायसीना, मालचा या गावांच्या जमिनी गेल्या आणि टेकडीवर व्हाइसरॉयचा प्रासाद उभा राहिला. मग तो आपण कौतुकाने का पाहावा?

३/ उत्तर शोधण्यासाठी प्रथम विजय चौकात थांबावे. येथून प्रासादाचा बराचसा भाग चढाआड लपतो. वास्तुकार एडविन ल्युटेन्स यांना हे फार सलले. बाजूची सचिवालये बांधणारे हर्बर्ट बेकर आणि ते यांच्यात या चढावरून कायमचे बिनसले. चढ तसाच राहिला. साम्राज्याचा दिमाख त्याच्याच आराखड्यात अडखळला, तो असा!

४/ आता घुमट पाहा. त्याभोवतीचा दगडी कठडा सांचीच्या स्तूपाची आठवण करून देतो. भारतीय स्थापत्याविषयी ल्युटेन्स तुच्छतेने बोलत, तरी त्याचे ऋण त्यांना टाळता आले नाही.

५/ खरे मोल मात्र दरबार हॉलचे. १९३१ मध्ये नव्या राजधानीचे उद्घाटन झाले आणि अवघ्या १६ वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, याच दालनात नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. त्या मंत्रिमंडळात कायदामंत्री होते डॉ. आंबेडकर. २६ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसाद यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली, तीही येथेच. जेथे व्हाइसरॉयचे सिंहासन असे, तेथे राष्ट्रपतींच्या आसनामागे आज गुप्तकालीन बुद्धमूर्ती उभी आहे. २०२४ पासून या दालनाचे नाव ‘गणतंत्र मंडप’ आहे.

६/ तेव्हा निर्णय असा : केवळ भव्यता पाहायची असेल, तर हुमायूनच्या कबरीकडे वळावे, तेथे मन अधिक रमेल. पण जेत्यांचे घर न पाडता त्याचा अर्थ कसा पालटता येतो, हे पाहायचे असेल, तर राष्ट्रपती भवन चुकवू नये. मात्र जाण्यापूर्वी या दोन तारखा मनात असू द्याव्यात. त्यांच्याविना ते दालन म्हणजे नुसताच संगमरवर.